पट्टा, परिपत्रक आणि मागचा प्लॉट

स्मरणिका समितीने "संस्थेच्या पंचवीस वर्षांतल्या एखाद्या विषयाचा इतिहास लिहा" असं सुचवलं. पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, लिफ्ट यांवर इतर मंडळी लिहीत आहेतच. मी कुत्र्यांवर लिहितो. हसू नका. वार्षिक सभांची इतिवृत्तं चाळलीत तर पार्किंगच्या खालोखाल वेळ याच विषयाने खाल्लेला दिसेल. त्यातल्या एका परिपत्रकाखाली तर सचिव म्हणून माझीच सही आहे.

कुत्र्यांवरून भांडणं मुंबईला नवी नाहीत. जून १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पण ते भांडण कुत्र्याने जगावं की नाही याचं होतं. कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्याला कुठे आणि कसं भेटावं, हा प्रश्न फ्लॅटमधल्या कुत्र्यांचा, म्हणून अलीकडचा. गावाकडे पिल्लू आईमागून गल्लीत हिंडतं, मोठ्यांची गुरगुर ऐकून घेतं आणि वयात येईपर्यंत सगळ्या रीतीभाती शिकतं.

२००८ सालची गोष्ट जुन्या सभासदांना आठवत असेल. 'बी' विंगमधला ब्रूनो नावाचा लॅब्रॅडॉर आणि तळमजल्यावरचा पॉमेरेनियन लिफ्टसमोर भिडले. सोडवायला गेलेल्या मुलीच्या हाताला टाके पडले, इंजेक्शनं झाली. दुसऱ्याच दिवशी मी परिपत्रक काढलं: कुत्रा आवारात आखूड पट्ट्यावरच राहील, दोन कुत्री एकमेकांजवळ आणू नयेत, पिल्लं खाली आणूच नयेत. बँकेत तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. परिपत्रक निघालं की प्रश्न सुटला, असं मानायची सवय हाडीमाशी मुरलेली.

प्रश्न वाढला. पिल्लू असताना सगळ्यांशी खेळलेला ब्रूनो आता कुठलंही कुत्रं दिसलं की पट्टा ताणून अंगावर जाऊ लागला. तक्रारी आल्या, मी पत्रं पाठवली. दोन वर्षांनी त्या कुटुंबाने त्याला कोकणात नातेवाइकांकडे पाठवून दिलं. त्या घरातल्या मुलाने माझ्याशी बोलणं सोडलं. मला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही, हे कबूल करतो.

२०१४ मध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला सहा महिने होतो. तिच्या कुत्रीला डॉग पार्कमध्ये नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तिथे फाटकं दोन, एकामागे एक. बाहेरचं लावून घ्यायचं, मधल्या जागेत पट्टा काढायचा, मग आतलं उघडायचं. मी पहिल्या दिवशी जपून म्हणून पट्ट्यासकटच आत शिरलो. चार कुत्री धावत आली आणि आमची ताठ झाली, ओठ वर, दात बाहेर. एक म्हाताऱ्या बाई ओरडल्या, "पट्टा काढा!" काढला. अर्ध्या मिनिटात वळसा घेऊन हुंगाहुंगी झाली, मग एकाने पुढचे पाय जमिनीला टेकवून मागची बाजू उंच केली. हे खेळायचं आमंत्रण. माझ्या डोळ्यांपुढे ब्रूनो आला. पट्ट्याने खेचलेल्या कुत्र्याला ना बाजूने वळसा घालून जाता येतं, ना पळून जाता येतं. छाती पुढे काढून समोरासमोर उभं राहावं लागतं. वर आपल्या हाताची भीती पट्ट्यातून त्याला पोचते, ती वेगळीच.

या मैदानांचा इतिहास तिथून जवळच, बर्कलीत आहे. भुयारी रेल्वेसाठी तिथे घरं पाडली होती. मोकळ्या पडलेल्या त्या जागेवर लोकांनी १९६९ मध्ये आपणहून झाडं लावली. पुढे तिथे ओलोन पार्क झालं आणि १९७९ मध्ये त्याच्या एका कोपऱ्यात प्रयोग म्हणून कुत्र्यांसाठी कुंपण घातलं गेलं. जगातल्या पहिल्या डॉग पार्कचा मान सहसा त्यालाच देतात.

त्याआधी मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्यांचं पुस्तक १९६५ चं. पिल्लू जगाशी ओळख करून घेतं ते मुख्यतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात, असं त्यांना दिसलं. पण १९७८ च्या सुमारास पार्व्हो हा जीवघेणा रोग जगभर पसरला. मग 'लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लू घरातच' हा सल्ला घट्ट झाला. लसी पुऱ्या होतात चौथ्या महिन्याच्या आसपास. म्हणजे शिकायचं वय घरातच सरतं! २००८ मध्ये, म्हणजे मी परिपत्रक काढलं त्याच वर्षी, प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने जाहीर केलं की पहिल्या लसीनंतर आठवड्याने पिल्लांना स्वच्छ जागी, लस घेतलेल्या कुत्र्यांत मिसळू द्यावं. डॉग पार्कची अनोळखी गर्दी मात्र तेव्हा टाळावी.

२०१५ मध्ये ते परिपत्रक मीच ठराव मांडून मागे घेतलं. मागच्या प्लॉटला जाळी लागायला आणखी चार वर्षं गेली, निम्मा विरोध खर्चाचा होता. आता सकाळी सातला लहान चणीची कुत्री, साडेसातनंतर मोठी. चेंडू आणि बिस्किटं आत न्यायची नाहीत, कारण भांडणं त्यांवरूनच होतात. नवं कुत्रं आलं की आधी जाळीबाहेर जुन्या एखाद्याबरोबर, मध्ये अंतर ठेवून, ढिल्या पट्ट्यावर दोन-चार फेऱ्या मारतं. खेळ रंगला तरी अधूनमधून हाक मारून बाजूला घ्यायचं. ज्याची शेपटी पोटाखाली आहे त्याला सरळ घरी न्यायचं, त्यात कमीपणा नाही. नियम ठीक चाललेत; मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहणारे मालक मात्र अजून सुधारलेले नाहीत.

ब्रूनोच्या घरातला तो मुलगा आता तिशीला आला. गेल्या महिन्यात त्याने पिल्लू आणलंय. लसी व्हायच्या आहेत म्हणून रोज सकाळी त्याला कडेवर घेऊन जाळीबाहेर उभा असतो आणि पिल्लू आतला गोंधळ टकामका बघतं. परवा त्याने आपणहून विचारलं, "काका, अजून किती दिवस असं बाहेरून?"

"डॉक्टरांना विचार," मी म्हटलं, "पण तोवर रोज असंच घेऊन ये."