शस्त्रवैद्याचा उसना डोळा

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे ग्रंथकार बहुधा शस्त्रांचा इतिहास सांगतात; दृष्टीचा इतिहास त्यांत एका कोपऱ्यांत पडून राहतो. वस्तुतः शस्त्रवैद्याचा हात नेहमीं त्याच्या डोळ्यामागून चालत आला आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेंत हात आणि डोळा हे एकाच धन्याचे चाकर असतात. लहानशा छिद्रांतून दुर्बीण घालून करावयाच्या शस्त्रक्रियेनें मात्र या दोहोंची फारकत केली, आणि ती मिटविण्यासाठीं यंत्रास पाचारण करावें लागलें. ही हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

शरीराच्या आंत डोकावण्याची खटपट जुनी आहे. फ्रांकफुर्टचे वैद्य फिलिप बोझिनी यांनीं १८०६ च्या सुमारास मेणबत्तीचा उजेड आरशाच्या योगानें शरीराच्या पोकळींत नेणारें उपकरण पुढें मांडलें. १९०१ सालीं गेओर्ग केलिंग यांनीं कुत्र्याच्या पोटांत हवा भरून दुर्बिणीनें आंतील इंद्रियें पाहिलीं; १९१० सालीं स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनीं मनुष्यांवरील अशाच प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाहण्यापासून कापण्यापर्यंतचा प्रवास पुष्कळ लांबला. १९८५ सालीं जर्मनींत एरिख म्यूहे यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढून दाखविलें, तेव्हां त्यांच्या समव्यवसायी मंडळींनीं त्यांची उपेक्षाच केली. पुढें अवघ्या पांच वर्षांनीं, १९९० सालीं, डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत तीच शस्त्रक्रिया केली.

दरम्यान दुर्बिणीच्या टोकास कॅमेरा जोडला गेला व आंतील देखावा पडद्यावर सर्वांस दिसूं लागला. शस्त्रवैद्याचे दोन्ही हात हत्यारांत गुंतलेले. म्हणून दुर्बीण साहाय्यकाच्या, आणि तोही बहुधा सर्वांत तरुण अशा साहाय्यकाच्या, हातीं आली. तेव्हांपासून शस्त्रवैद्य उसन्या डोळ्यानें पाहूं लागला. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. छिद्र हें तरफेच्या टेकूप्रमाणें असल्यामुळें डावीकडील पाहण्यास दांडा उजवीकडे न्यावा लागतो. तासा-दोन तासांत हात अवघडतो व चित्र हलूं लागतें; भिंग मांसाला लागून मळतें. मग 'जरा वर, जरा मागें' ही शस्त्रवैद्याची आज्ञा संपतच नाहीं.

१९९४ सालीं अमेरिकेंत 'ईसॉप' या यंत्रबाहूस मान्यता मिळाली. युलुन वांग यांच्या कॉम्प्युटर मोशन कंपनीनें तो घडविला होता, व थोड्याच वर्षांत तो तोंडी आज्ञाही पाळूं लागला. त्याचा हात कांपत नसे, थकत नसे. परंतु प्रत्येक वेळीं त्यास सांगावें मात्र लागे. २००० सालीं मान्यता पावलेल्या 'दा विंची' यंत्रांत शस्त्रवैद्य स्वतःच कॅमेरा फिरवूं लागला. पण तेवढा वेळ हत्यारें थांबवावीं लागत. ओझें खांदा बदलून पुन्हा त्याच्याकडेच आलें.

आज्ञेवांचून चालणाऱ्या डोळ्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न जर्मनींतील अवकाशसंशोधन संस्थेंत झाला. वेइ, आर्ब्टर व हिर्त्सिंगर यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेली युक्ति फार साधी होती. हत्याराच्या टोकाजवळ पोटांत कोठेंही न आढळणाऱ्या रंगाची खूण करावयाची, व ती खूण चित्राच्या मध्यभागीं राहील अशा बेतानें यंत्रानें कॅमेरा हलवावयाचा. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत मनुष्य-साहाय्यकापेक्षां या यंत्राच्या हालचालींत शस्त्रवैद्यास कमी वेळां दुरुस्ती करावी लागली, असें दिसून आलें. पुढें २०२० सालीं चित्रावरून हत्यारें ओळखून कॅमेरा चालविणाऱ्या यंत्रणेसही अमेरिकेंत मान्यता मिळाली.

तथापि हत्याराच्या मागें जाणें निराळें आणि मनुष्याच्या हेतूमागें जाणें निराळें. कुशल साहाय्यक पित्तनलिका कापण्यापूर्वीं न सांगतां मागें सरतो व सभोंवतालचा सर्व प्रदेश दाखवितो. रक्ताची चिळकांडी उडतांच तो भिंग वांचवितो. हत्यार जेथें आहे तेथें नव्हे, तर तें जेथें जाणार तेथें त्याची नजर असते. हा विवेक यंत्रास शिकविण्याचे प्रयत्न आतां चालू आहेत.

आमच्या मतें खरा प्रश्न याच्या पलीकडचा आहे. दुर्बीण धरणें ही नुसती हमाली नव्हती. ती शागिर्दी होती. तरुण वैद्य गुरूचा डोळा होतां होतां स्वतः पाहावयास शिकत असे. जेथें साहाय्यकांची वाण असते अशा लहान गांवच्या रुग्णालयास हें यंत्र उपकारकच ठरेल, आणि त्यास विरोध करणें शहाणपणाचें होणार नाहीं. परंतु जी संस्था शिष्याच्या हातांतील दुर्बीण काढून यंत्रास देईल, तिनें त्या शिष्यास पाहण्याची विद्या दुसऱ्या कोणत्या मार्गानें देणार, हें आधीं ठरविलें पाहिजे. यंत्राचा डोळा एके दिवशीं चुकेल किंवा बंद पडेल. त्या वेळीं टेबलाभोंवतीं उभ्या असलेल्यांपैकीं कोणास तरी दुर्बीण हातीं घ्यावी लागेल. डोळा उसना आणतां येतो. त्या डोळ्यानें जें पाहिलें त्याची जबाबदारी उसनी देतां येत नाहीं.