लेकींवरून वळूची पारख

वळू स्वतः दूध देत नाही. पण त्याच्या लेकींना दुधाचा जो वारसा मिळतो, त्यात निम्मा वाटा त्याचा असतो. गोपैदाशीचे मूळ कोडे हेच. ते आपल्या देशात कसे पुढे आले, हे पाहावयाचे तर म्हैसूर-बंगळूरचा परिसर पाहावा.

म्हैसूरच्या राजांना हे कोडे फारसे पडले नाही. चिक्कदेवराज वोडेयरांचे 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याचे खाते, टिपू सुलतानाच्या काळी 'अमृतमहाल' झाले. नाव अमृताचे, पण कीर्ती झाली ती तोफा ओढणाऱ्या चपळ बैलांची. चपळाई आणि ताकद जनावराच्या अंगावर दिसते. ती ओळखावयास जाणती नजर पुरे. दुधाचे तसे नाही. रुंद छाती आणि डौलदार वशिंड पाहून वळूच्या लेकी किती दूध देतील हे सांगता येत नाही. 'खाण तशी माती' हे खरे. परंतु येथे खाणच झाकलेली!

१९२३ साली बंगळूरला पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची सरकारी संस्था निघाली. १९२७ मध्ये प्रकृतीसाठी तेथे राहिलेल्या गांधीजींनी या संस्थेत गोपालनाचे धडे घेतले. १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत संपतकुमारन यांनी कृत्रिम रेतनाचा देशातील पहिला प्रयोग केला. त्या वाटेने पुढे एका वळूची संतती हजारोंनी होऊ लागली. साहजिकच वळूची निवड चुकली, तर त्या चुकीचे ओझेही हजारो गोठ्यांवर पडणार.

यावर उपाय एकच: लेकींची परीक्षा. वळूचे रेत अनेक गावांतील गाईंना द्यावयाचे. कालवडी जन्मून, वाढून, व्याल्यावर ३०५ दिवसांच्या वेतातील दुधाची नोंद ठेवावयाची. एकाच मालकाकडे लेकी असल्या, तर गुण वळूचा की पेंडीचा हे कळत नाही. म्हणून त्या निरनिराळ्या गोठ्यांत हव्यात. एवढ्यात पाचसहा वर्षे सरतात आणि वळू म्हातारा होतो किंवा मरतो. येथे गोठवलेले रेत कामी आले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, ते वर्षानुवर्षे टिकते. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे १९६९ साली डेन्मार्कच्या साहाय्याने याचे केंद्र उभे राहिले.

मात्र व्यवहाराचा प्रश्न उरतोच. नोंदींसाठी पैसा मोजका. थोड्या वळूंच्या पुष्कळ लेकी मोजल्या, तर निकाल खात्रीचा, पण निवडीला वाव कमी. पुष्कळ वळूंच्या थोड्या लेकी मोजल्या, तर वाव मोठा, पण निकाल डळमळीत. शहाणी संस्था या दोहोंमधला मार्ग शोधते.

आज वासराच्या रक्ताच्या थेंबावरून किंवा केसांवरून त्याच्या गुणांचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाज ज्या आधारावर उभा राहतो, त्या दुधाच्या नोंदीच असतात. दोन गाईंच्या लहान गोठ्यात पहाटे कोणीतरी दूध मोजून प्रामाणिकपणे वहीत मांडले, तरच वळूची खरी किंमत कळते.