इंदापूरचं गणित: आयत्या कमाईवरचा एक जुना कर

भाडं, व्याज, जागेची आपोआप वाढलेली किंमत, अशा आयत्या कमाईवर जास्त कर लावावा का, हा वाद आपल्याला ताजा वाटतो. पण त्यातला एक प्रयोग पुणे जिल्ह्यात १८३०च्या सुमारास होऊन गेलाय.

सुरुवात लंडनमध्ये होते. १८१७ साली डेव्हिड रिकार्डोनं मांडलं की, सारखेच कष्ट केले तरी चांगल्या जमिनीत जास्त पिकतं. हा जो फरक, तो जमीनमालकाला खंड म्हणून मिळतो. त्यासाठी तो घाम गाळत नाही. मग सरकारनं तोच काढून घेतला तर मजुरी कमी होत नाही, धान्य महागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत बसलेल्या जेम्स मिलला हे फारच पटलं. हिंदुस्थानात हा खंड सरकारनं शेतसारा म्हणून घ्यावा, असं त्याचं म्हणणं.

हे प्रत्यक्षात आणायला निघाला रॉबर्ट कीथ प्रिंगल. हा हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. त्यानं मोजणी केली, मातीची प्रतवारी लावली आणि ठरवलं की निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यायचा.

आता गंमत बघा. समजा शेतात १०० रुपयांचं पिकलं. बैल, बियाणं, मजुरी, शेतकऱ्याच्या कष्टाचा मोबदला मिळून ८० गेले. उरले २०. त्यातले ११ सरकारचे. कागदावर अगदी न्याय्य! पण ते ८० ठरवणार कोण? खर्च ७० धरला, तर सारा होतो साडेसोळा, आणि शेतकऱ्याच्या हातात साडेतीन. आणि भाव पडून १००चे ८० झाले, पण खर्च तोच राहिला, तर आयतं काही उरतच नाही. सारा मात्र रोख, ठरलेला.

नेमकं हेच झालं. मोजणीत चुका, गावकामगारांची लबाडी, त्यात धान्याचे भाव घसरलेले. इंदापूरकडे लोकांनी शेतं पडीक टाकली. ज्याला आयती कमाई म्हणून हात घातला, ती बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याची भाकरीच निघाली. माझ्या मते तत्त्व वाईट नव्हतं, पण मोजता येत नाही ते मोजल्याचा आव आणला गेला.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरला नव्यानं पाहणी केली. प्रतवारी ठेवली, पण निव्वळ उत्पन्नाचं गणित सोडलं. आजवर किती वसूल झालं, गावाला किती झेपेल, हे बघून दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी बांधून दिले. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली.

पण याचीही दुसरी बाजू होती. सारा स्थिर, आणि १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस महागला. जमिनीला किंमत आली. जमिनीला किंमत आली म्हणजे ती गहाण पडू लागली. १८६७ला मुदत संपताच इंदापूरचा सारा चढला, तोवर कापसाचे भाव खाली येऊ लागले होते. सारा रोख भरायचा, मग सावकार. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दंगे पसरत गेले, तशी गावोगाव कर्जखतं जळाली.

शेवटचा तुकडा १८८६चा. त्या आयकर कायद्यात शेतीचं उत्पन्न वगळलं, कारण सारा आधीच घेतला जात होता. म्हणजे सावकाराच्या व्याजावर आयकर. पण त्यानं कर्जात लिहून घेतलेलं शेत त्याच कुळाला खंडानं दिलं, की त्या खंडावर आयकर नाही. जेम्स मिलला सरकारजमा करायचा होता तो हाच खंड.