मालकाची वही : महागड्या मोटारींच्या देखभालीचा इतिहास, बीडमधून पाहिलेला

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा गाडी दारात आली त्या दिवशीच थांबतात. कोणत्या संस्थानिकाने कोणती गाडी मागवली, गावातली पहिली मोटार कोणाची, हे चवीने सांगितले जाते. ती गाडी पुढे चालली कशी, तिचे ऑईल कोणी बदलले, ती घाटात बंद पडली तेव्हा कोणाला बोलावणे गेले, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. गेली वीस-बावीस वर्षे मी बीड, अंबाजोगाई, माजलगाव इथल्या रद्दीच्या दुकानांतून मोटारींच्या जुन्या माहितीपुस्तिका, सर्व्हिसची पुस्तके आणि गॅरेजची बिले गोळा करतो आहे. इतिहासाची किंवा यंत्रशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण हे कागद वर्षांप्रमाणे लावले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. देखभालीचा इतिहास हा गाडीविषयीचे ज्ञान कोणाच्या हातात होते, याचा इतिहास आहे. आज बीडसारख्या जिल्ह्यात भारी गाडी बाळगणाऱ्या माणसाची खरी अडचण पैशाची कमी आणि या ज्ञानाची जास्त आहे.

सुरुवात निजामाच्या राज्यापासून करावी लागते, कारण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉईसची 'सिल्व्हर घोस्ट' गाडी मागवली. ती हाती येण्याआधीच, १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. बार्कर कंपनीने बांधलेली ही पिवळी, सिंहासनासारख्या आसनाची गाडी पुढे मीर उस्मान अली खान यांच्या समारंभांत वापरली गेली आणि आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. तिची एकूण दौड काही शे मैलांपलीकडे गेली नाही.

याच जातीच्या गाडीची दुसरी गोष्ट इंग्लंडमधली आहे. १९०७ साली एक 'सिल्व्हर घोस्ट' लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान पुन्हा पुन्हा पळवून सुमारे १५,००० मैलांची परीक्षा घेण्यात आली. नंतर पंचांनी ती खोलून तपासली. झिजलेले भाग बदलून गाडी नव्यासारखी करायला खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. जाहिरातीत हा आकडा गाडीच्या मजबुतीचा पुरावा म्हणून मिरवला गेला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती गाडी जाणत्या हातांत होती, तिच्या प्रत्येक थांब्याची नोंद होत होती आणि शेवटी ती उघडून पाहिली गेली. नियमित चाल, लिखित नोंद आणि उघडून केलेली तपासणी या तीन गोष्टी देखभालीच्या शास्त्राचा पाया आहेत. उभी गाडीही झिजतेच. तिचे रबर कडक होते, बॅटरी उतरते, टाकीत ओल धरते, टायरवर एकाच जागी भार येऊन तो चपटतो. त्यामुळे राजवाड्यातली गाडी आपोआप जपली जाते, हा समज खरा नाही.

त्या काळी मालकाला यातले काही ठाऊक नसे, आणि असण्याची अपेक्षाही नव्हती. ज्ञान ड्रायव्हरपाशी आणि मिस्त्रीपाशी होते. रोल्स-रॉईस तर ड्रायव्हरांसाठी स्वतंत्र शिक्षणवर्गच चालवत असे. गाडी मालकाची, पण तिचा आवाज ओळखणारा कान दुसऱ्याचा, अशी ही विभागणी होती.

आपल्या भागात हा कान तयार झाला तो रस्त्यावर. परळीला आगगाडी होती, पण बीड शहराला रेल्वे दिसायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. मधल्या साऱ्या काळात माणूस आणि माल चाकांवरच गेला. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये रस्ते वाहतुकीचे खाते सुरू केले, ते २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांवर. त्यातल्या अल्बियन बसगाड्या हैदराबादेत अजून अभिमानाने दाखवल्या जातात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये इथली एस.टी. महाराष्ट्राच्या महामंडळात मिळाली. बस रोज सुटली पाहिजे, म्हणून आगारात रोज दुरुस्ती झाली पाहिजे. ही सक्ती म्हणजे आपल्याकडची मोटारविद्येची पहिली शाळा. आमच्या गॅरेजांची भाषा त्या काळाची खूण अजून सांगते. वस्ताद आणि शागीर्द हे शब्द उर्दूच्या वाटेने आलेले, पाना आणि हातोडी घरचे, गिअर आणि प्लग विलायतेचे. 'वस्ताद, जरा आवाज ऐका बरं' एवढ्या वाक्यावर निम्मे निदान होत असे.

मालकाच्या हाती ज्ञान आले ते पुढच्या पर्वात, आणि त्याचे श्रेय एका मराठी मुलखातल्या कारखान्याला द्यावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला, १९५४ मध्ये फियाट ११०० आली आणि सत्तरच्या दशकात तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. आज टॅक्सी म्हणून आठवणारी ही गाडी त्या काळी चैनीचीच वस्तू होती. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जिल्ह्याच्या गावी डॉक्टर, वकील, अडत व्यापारी यांच्या दारात ती दिसली की घराची पत ठरे.

१,०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर आणि बॉनेट उघडताच डोळ्यांना दिसणारे सगळे भाग. त्या काळच्या पुस्तिका मालकाला हुशार विद्यार्थी समजून लिहिलेल्या आहेत. प्लग काढून साफ कसा करावा, पॉइंटमधले अंतर कसे पाहावे, फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून कसा तपासावा, ग्रीसचे निप्पल कुठे कुठे आहेत, हे सगळे आकृत्यांसह दिलेले असे. माझ्याकडच्या पुस्तिकांच्या समासांत शाईने केलेल्या नोंदी आहेत: तारीख, मैल, ऑईलचे माप, कुठे काय वाजत होते. काही मालकांनी त्यासाठी वेगळी वहीच घातली आहे. दुकानाच्या रोजमेळासारखी ती वही गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात असे, आणि तिच्यावर गाडीचा भाव ठरत असे.

बीडच्या हवापाण्यासाठी काय करावे, हे मात्र पुस्तिकेत नव्हते. ते वस्तादांनी शिकवले. आमच्या बोअरचे पाणी जड, ते रेडिएटरमध्ये गेले की क्षार धरतो आणि उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन तापते. म्हणून पावसाचे किंवा बॅटरीचे पाणी घालायचे. काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत सुकला की ब्रेकच्या पाइपाभोवती ओल धरून गंज चढतो. म्हणून पहिल्या पावसानंतर गाडी वरून नव्हे, खालून धुवायची. ऊस पट्ट्यातल्या कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यातच झाडायचा. उन्हाळ्यात हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. ही पुस्तिकेची स्थानिक आवृत्ती होती. ती छापली गेली नाही, तोंडी राहिली.

तिसरे पर्व सुरू झाले १९९५ च्या सुमारास, पुण्याजवळ मर्सिडीज-बेंझ तयार होऊ लागली तेव्हा. २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला आणि ऑक्टाव्हिया मराठवाड्यातच जुळू लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी, व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या या सौद्याने देशभरच्या वर्तमानपत्रांचे मथळे मिळवले. मागास म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशाने आपली ऐपत दाखवून दिली, म्हणून तेव्हा मलाही आनंद झाला होता. पण त्या दीडशे गाड्यांच्या दहाव्या वर्षाची बातमी कुठे छापून आली नाही. तो मथळ्याचा विषयच नव्हता.

खरी कथा त्या दहाव्या वर्षाची असते. तोवर भारी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली असते. मोठ्या शहरातून निघते आणि लहान शहरात येते. नव्या छोट्या गाडीच्या भावात जुनी भारी गाडी मिळते, आणि एमएच-२३ च्या पट्टीखाली ती दिमाखात फिरू लागते. इथे एक साधा हिशेब विसरला जातो. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी आठ लाखांना मिळाली, तरी तिचे सस्पेन्शन, तिचा टर्बो, तिचे हेडलाइट हे चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून विकत घेतानाच पुढच्या दोन वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढून ठेवावी, आणि ती निघत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

या पर्वातल्या पुस्तिका जाडजूड आहेत, पण त्या मालकाला फारसे काही सांगत नाहीत. सीट कशी सरकवावी, फोन कसा जोडावा यावर पानेच्या पाने जातात. यंत्राचा विषय आला की अधिकृत विक्रेत्याकडे जाण्याचा सल्ला. बॉनेट उघडले तर प्लास्टिकचे झाकण. दोष शोधायचा तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून. स्कॅनर वाईट नाही. तो जे सांगतो ते कानाला कळलेच नसते. पण पूर्ण माहिती देणारा स्कॅनर कंपनीच्या वर्कशॉपात, आणि ते वर्कशॉप बीडपासून सव्वाशे किलोमीटरवर किंवा थेट पुण्यात. वस्तादाचा शागीर्द आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यास करून आला, तरी त्याच्यापुढे कुलूप तेच.

हे कुलूप केवळ आपल्या मनातले नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. आयोगाने ती उपलब्ध करून देण्याचे आदेशही दिले. पुढे अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. निजामाच्या काळात ज्ञान ड्रायव्हरकडे होते, पद्मिनीच्या काळात ते मालकाकडे आणि मिस्त्रीकडे आले. आता ते कंपनीकडे गेले आणि त्याचा एक तुकडा परत मिळवण्यासाठी निकालपत्रे लागतात.

मग आजच्या मालकाने काय करावे? मला वाटते, जुन्या वहीकडे परत जावे. तिला जे कळत होते त्यातले बरेच आजही लागू आहे. ऑईल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे, पण धूळ, ऊन आणि घाट हा 'कठीण वापर' समजून मुदत कमी धरावी. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडी चालली नाही तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर वेगात फुटतो. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींनी मोजावी, कारण बहुतेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जाते. २०२० नंतरची डिझेल गाडी फक्त बाजारापुरती फिरवली तर तिचा काजळीचा फिल्टर तुंबतो. तिला अधूनमधून सोलापूर-धुळे महामार्गावर एकसारख्या वेगाने लांब न्यावे.

एक प्रश्न तर खास आपल्या जिल्ह्याचा आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळते, आणि त्यातले बरेचसे उसापासून येते. तो ऊस तोडायला दर दिवाळीनंतर बीडची लाखो माणसे कोयते घेऊन बाहेर पडतात. इथेनॉल ओल धरते आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर खराब करते. जुनी भारी पेट्रोल गाडी असेल तर त्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्याव्यात आणि इंधन महिनोन् महिने टाकीत ठेवू नये.

आणि हे सारे लिहून ठेवावे. तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणी बदलले, कोणत्या कंपनीचा भाग, किती खर्च. कंपनीच्या संगणकात नोंद असतेच, पण ती कंपनीची असते. गाडी वर्कशॉपाबाहेर दुरुस्त झाली की तिच्या इतिहासात खळगा पडतो आणि पुढचा मिस्त्री अंधारात हात घालतो. आपली वही तो खळगा भरते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, मिस्त्री पाने-पकडींची पूजा करतो, लक्ष्मीपूजनाला आपण खातेवही पुढ्यात मांडतो. त्या वह्यांच्या शेजारी गाडीची वहीही असावी.

माझ्या संग्रहातल्या सर्वांत जुन्या वहीची शाई उडत चालली आहे. तिच्या मालकाची गाडी बहुधा भंगारात गेली असेल. पण कोणत्या मैलावर कोणता भाग गेला आणि तो इथल्या कोणत्या कसबाने पुन्हा चालता झाला, हे अजून वाचता येते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा तिच्यावर लेख आले, छायाचित्रे आली. तिला इतकी वर्षे चालती ठेवणाऱ्या हातांच्या नोंदी कुणाकडे असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच या लेखाच्या निमित्ताने वाचकांना विनंती.