पडद्यामागचे बेरार

जुन्या सिनेमांची आठवण निघाली की नटनट्यांची नावे, गाणी आणि कोणता चित्रपट किती आठवडे चालला याचे हिशेब निघतात. ‘कहो ना प्यार है’ १४ जानेवारी २००० रोजी आला, ‘मोहब्बतें’ आणि ‘मिशन कश्मीर’ त्याच वर्षीच्या दिवाळीत एकाच दिवशी आले, ‘लगान’ आणि ‘गदर’ १५ जून २००१ या एकाच शुक्रवारी आले. ही माहिती माझ्या पिढीला पाठ आहे. पण या चित्रपटांबरोबर गावोगाव फिरणाऱ्या एका नावाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. ते नाव म्हणजे ‘सी. पी. बेरार’.

सिनेमाच्या धंद्यात देशाचे विभाग पाडलेले असतात आणि वितरक एकेका विभागाचे हक्क विकत घेतो. आपला विभाग सी. पी. बेरारचा. त्याचा व्यवहार मुख्यतः अमरावती आणि भुसावळ येथून चाले. भुसावळ पूर्वीच्या मुंबई प्रांतातले, पण रेल्वेचे मोठे जंक्शन. फिल्मच्या पेट्या जिथून सहज हलवता येतील, तिथे धंद्याने ठाणे केले.

नावाचा इतिहास मात्र राज्यकारभाराचा आहे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०३मध्ये त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी आमच्या मोझरीत गुरुकुंज आश्रम स्थापला आणि पुढच्याच वर्षी प्रांताचे नाव ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ झाले. १९५० साली त्याचा मध्य प्रदेश झाला आणि वऱ्हाड प्रांताच्या पाटीवरून उतरले. १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात. सरकारने नाव तीनदा बदलले. सिनेमावाल्यांनी एकदाही बदलले नाही.

याची खरी परीक्षा २००० साली झाली. ‘मोहब्बतें’ २७ ऑक्टोबरला लागला आणि पाचच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्य जन्माला आले. आता अमरावती महाराष्ट्रात, जबलपूर मध्य प्रदेशात आणि रायपूर छत्तीसगडात. तरी सिनेमाच्या खतावणीत तिघेही एकाच बेरारात राहिले.

हे टिकले कशामुळे? अभिमानामुळे नव्हे, सोयीमुळे. जुने करार, जुनी उधारी, ओळखीचे थिएटरमालक आणि पेट्यांचे ठरलेले रस्ते इतक्या सहज मोडत नाहीत. ‘लगान’ची लांबी २२४ मिनिटे. मिनिटाला नव्वद फूट धरले तर फिल्म वीस हजार फुटांहून जास्त, म्हणजे सहा किलोमीटरच्या वर भरते! अशा प्रती मोजक्याच असत. आधी मोठ्या शहरांत, मग तालुक्याच्या गावी, असा क्रम लागे. आम्हा मोझरीकरांना नवा सिनेमा पाहायचा तर नागपूर-अमरावती रस्त्यावर एसटी धरून अमरावती गाठावी लागे. थांबणाऱ्याच्या वाट्याला चरे पडलेली प्रत येई. “पेटी आली का?” हा प्रश्न त्या काळी “पिक्चर लागला का?” इतकाच नेमका होता.

पुढे व्हीसीडी आणि केबलने ही वाट पाहणे संपवले. मग चित्रपट उपग्रहावरून थेट थिएटरात उतरू लागला आणि पेटीचीच गरज उरली नाही. एकपडदा थिएटरे एकामागून एक बंद झाली. त्यांच्याबरोबर वितरकांची पत्रे, करार, तिकिटांचे हिशेब रद्दीत जात आहेत. नटांची माहिती कुठेही मिळेल; आपल्या भागात सिनेमा कसा पोचला, हे मात्र त्या कागदांतच आहे. कुणाच्या माळ्यावर ते असतील, तर विकण्याआधी एकदा वाचावेत.

‘लगान’ची गोष्ट १८९३ सालची. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडलेलाही नव्हता. इंग्रजांच्या साराविरुद्ध लढणाऱ्या गावाचा तो सिनेमा आमच्यापर्यंत पोचला, तो मात्र इंग्रजांनीच आखलेल्या प्रांताच्या नावाने.