घरातील ध्वनिवर्धक : किंमत आणि गुण

जुन्या स्टीरिओला नवे ध्वनिवर्धक जोडावेत काय, आणि जोडल्यास त्यावर किती पैसा खर्चावा, हा प्रश्न संगीताची आवड असलेल्या बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा निघतोच. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. आम्ही तो प्रश्न या यंत्राच्या इतिहासालाच विचारून पाहण्याचे ठरविले. त्या इतिहासात किंमत आणि गुण कधी हातात हात घालून चालले, तर कधी त्यांची ताटातूट झाली.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाचा कान मोठा भोळा आहे. १९१५ पासून थॉमस एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत 'टोन टेस्ट' या नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्याशेजारी फोनोग्राफ. गाता गाता गायिका ओठ मिटून घेई आणि यंत्र गातच राही. कधी दिवे मालवले जात, आणि ते पुन्हा लागत तेव्हा गायिका तेथे नसेच! श्रोते थक्क होत. वस्तुतः त्या यंत्राला विजेचे साहाय्य नव्हते आणि खर्जाचे स्वर त्यातून जवळजवळ उमटतच नसत. या प्रयोगांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितले की, त्या आपला आवाज यंत्राच्या बेताने आवरून घेत असत. यंत्र गायिकेसारखे गात नव्हते. गायिकाच यंत्रासारखी गात होती.

खरा बदल झाला १९२५ मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याविना चालणारा ध्वनिवर्धक सिद्ध केला. लोहचुंबकाच्या पोकळीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू, आणि विजेच्या लहरींबरोबर पुढेमागे हलणारी ही जोडी. आजही घरोघरी जे ध्वनिवर्धक आहेत त्यांतील बहुतेक याच तत्त्वावर चालतात. पुढल्या वर्षी तो ॲम्प्लिफायरसह बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत सुमारे २५० डॉलर होती. १९२५ साली फोर्ड कंपनीची सर्वांत स्वस्त मोटारगाडी २६० डॉलरला मिळत होती! तरीही त्या काळी हा पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही. कर्ण्याच्या कोंदटलेल्या आवाजानंतर ज्यांनी तो ऐकला, त्यांना फरक सांगावा लागला नसेल.

पुढील पंचवीस वर्षांत मात्र एक समज रुजला: खर्ज हवा असेल तर पेटी मोठी हवी, आणि पेटी मोठी म्हणजे पैसाही मोठा. कपाटाएवढ्या पेट्या दिवाणखान्याचे कोपरे अडवून बसल्या. या समजाला धक्का दिला तो एडगर विल्चर या शिक्षकाने. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकविणाऱ्या या गृहस्थाने मूळ दोष नेमका हेरला. शंकूला जागेवर धरून ठेवणारी किनार ताठ असे आणि तीच स्प्रिंगचे काम करी. शंकू अधिक हलला की ही स्प्रिंग समप्रमाणात ताणली जात नसे आणि खर्ज फाटे. विल्चरने किनार अगदी सैल केली, पेटी हवाबंद केली आणि स्प्रिंगचे काम आत कोंडलेल्या हवेवर सोपविले. हवा कोणत्याही ताठ किनारीपेक्षा समतोल वागते. त्याच्या पहिल्या नमुन्याची किनार गादीच्या खोळीच्या कापडाची होती, आणि तिचा बेत त्याच्या पत्नीने, रोझमेरीने आखला होता. आम्हांला या साऱ्या इतिहासातील हा तपशील सर्वांत लोभस वाटतो.

प्रस्थापित कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. तेव्हा हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर विल्चरने १९५४ मध्ये 'अ‍ॅकॉस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. सुमारे २५ इंच लांब आणि १४ इंच रुंद अशा तिच्या पहिल्या पेटीतून कपाटाएवढ्या पेट्यांना लाजविणारा खर्ज निघाला. माउंट किस्को येथील सेंट मार्क्स चर्चमध्ये पाइप ऑर्गनच्या जिवंत वादनाशी तिची तुलनाही करण्यात आली. ऑर्गनच्या मंद्र नळ्यांचा नाद ज्याने चर्चमध्ये छातीवर झेललेला आहे, त्याला ही परीक्षा किती कठीण होती हे सांगावयास नको. या शोधाचे पेटंट २५ डिसेंबर १९५६ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, मंजूर झाले. पुढे ते न्यायालयात टिकले नाही आणि कोणालाही अशा पेट्या करण्याची मोकळीक मिळाली. १९५७ चा कंपनीचा दुसरा नमुना शंभर डॉलरांच्या आत मिळू लागला. एक उणीव मात्र राहिली: या पेट्यांना शक्ती अधिक लागते. स्वस्त ध्वनिवर्धक घेऊन दुबळ्या ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो.

यानंतर किंमत आणि गुण यांचा संबंध पूर्वीसारखा राहिला नाही. ही गोष्ट मोजून दाखविली ती फ्लॉइड टूल यांनी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत त्यांनी पडद्याआड ध्वनिवर्धक ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले आणि १९८५-८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्र दिसत नसेल तर माणसांची पसंती आश्चर्यकारक रीतीने जुळते, आणि जो ध्वनिवर्धक सर्व स्वर समान न्यायाने, चढउतार न करता पुढे ठेवतो, तोच पसंत पडतो. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस श्रोत्यांवर आणखी एक प्रयोग केला. चार ध्वनिवर्धक आधी न दाखवता, मग दाखवून ऐकविले. त्यांतील लहान, स्वस्त, प्लास्टिकच्या संचाने पडद्याआड चांगले गुण मिळविले होते. तो डोळ्यांना दिसताच त्याचे गुण घसरले. हे श्रोते त्याच धंद्यातील नोकर होते, हे विशेष!

मग पैसा खर्चावा काय? आमच्या मते, संचात खर्च करावयाचाच असेल तर तो ध्वनिवर्धकावरच करावा. महागड्या तारांवर तर मुळीच करू नये. जुन्याची किनार कुजली असेल, किंवा तो पहिल्यापासूनच हलक्या घडणीचा असेल, तर मध्यम किमतीची चांगली जोडी ऐकताक्षणी वेगळी वाटेल. जो आधीच बऱ्या घडणीचा आहे, त्याच्या जागी दुप्पट किमतीचा आणल्यास दुप्पट सुख मिळत नाही. शिवाय खर्जाचा कारभार बराचसा खोलीच्या हाती असतो. पेटी कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढली तर घुमणारा खर्ज आवरतो, आणि त्याला दमडीही लागत नाही. आधी हे करून पाहावे, मग दुकानात जावे.

घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. वयपरत्वे कानाला वरचे स्वर ऐकू येईनासे होतात, आणि ते कोणताही ध्वनिवर्धक परत आणून देत नाही. १९६७ मध्ये कंपनी विकल्यावर खुद्द विल्चरही याच प्रश्नाकडे वळला. ज्या स्वरपट्टीत ऐकू कमी येते तिला वेगळी मदत देणाऱ्या श्रवणयंत्राचे तत्त्व त्याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही.