सभागृहातले बाबासाहेब आणि गावातलं वतन

बाबासाहेब आमदार होते, हे आपल्या पोरांना सांगावं लागतं. घटना त्यांनी लिहिली, एवढं सगळ्यांना ठावं. पण त्याच्या कितीतरी आधी हा माणूस मुंबई इलाख्याच्या सभागृहात भांडला, हरला, पुन्हा भांडला. हे आपल्या जयंतीच्या भाषणात येत नाही.

मी इंदापूर तालुक्यातला. आमच्याकडं आमदार म्हंजे कारखाना, दूधसंघ, लग्नातली हजेरी आन् दहाव्याचं भाषण. म्हणून चळवळीतली निम्मी पोरं म्हणतात, विधानसभा हे सगळं थोतांड. उरलेली निम्मी तिकिटाच्या रांगेत. दोघांनीही हा इतिहास वाचावा.

फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंडळात शपथ घेतली. जागा निवडणुकीची नव्हती, सरकारी नेमणुकीची होती. अस्पृश्यांच्या बाजूनं नेमलेले दोघंच: ते आणि डॉ. सोळंकी. दोन मतांनी कुठला कायदा पास होतो?

याच सभागृहात १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, पाण्याला मात्र कुणी शिवू देईना. शपथेनंतर महिनाभरात, २० मार्च १९२७ ला, हे नवे सभासद हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली. सभागृहातला ठराव लोकांच्या पायांनी अमलात आणला. पुढची सगळी आमदारकी ह्याच रीतीनं चालली. एक पाय सभागृहात, एक रस्त्यावर.

आता वतनाकडं येऊ. १९ मार्च १९२८ ला त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. हा कायदा म्हंजे गळ्यातला दोर होता. जमिनीचा एक तुकडा आन् बलुत्याची भाकर, त्या बदल्यात सरकारचं आणि गावाचं काम, दिवस नाही रात्र नाही. पाटलानं हाक मारली की घरातला जो सापडेल त्यानं जायचं. बाप आजारी तर पोरगा, पोरगा नाही तर बाई. बाबासाहेबांची मागणी साधी होती. बलुत्याच्या जागी रोख पैसा द्या. ज्याला चाकरी नको त्यानं पूर्ण सारा भरावा आणि जमीन मोकळी करून घ्यावी. कामं कुठली ते कायद्यात लिहा. सरकार बिथरलं, कारण फुकटातला नोकर जाणार होता आणि पगार तिजोरीतून द्यावा लागणार होता. विधेयक निवड समितीकडं गेलं. सरकारी बाकांचा विरोध काही हटला नाही. १९२९ साली ते मागं घ्यावं लागलं.

१९३७ ला चित्र पालटलं. आता ते मुंबईतून निवडून आले. स्वतंत्र मजूर पक्षानं १७ उमेदवार उभे केले होते, त्यातले बहुतेक जिंकले. आपल्या पुणे जिल्ह्यातून आर. आर. भोळे, नाशकातून भाऊराव गायकवाड. त्याच साली सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हंजे कोकणात सारा वसूल करणारा आणि कुळाला पिळणारा मधला मालक. विधेयक मांडून ते घरी बसले नाहीत. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्याच महिन्यात काँग्रेस सरकारनं कायद्यात आपल्याला 'हरिजन' म्हणायचं ठरवलं. गायकवाडांनी विरोध केला, मतदानात हार झाली, आणि सगळा पक्ष सभागृहाबाहेर पडला. मग कामगारांचा संपाचा हक्क बांधून टाकणारं विधेयक आलं. सभागृहात ते अडवता आलं नाही, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला. १९३९ अखेर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि सभागृह बंद पडलं.

मग सगळं वायाच गेलं म्हणायचं का? न्हाई. तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्यानं, कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली. चाकरी सुटली. जमिनीला मात्र नवीन शर्तीचं कुंपण पडलं. मुदतीत ठरलेली रक्कम भरली तर जमीन पुन्हा वतनदाराला, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. ज्याला रक्कम भरायचं कुणी सांगितलंच नाही, त्याची जमीन सरकारजमा होण्याच्या वाटेवर.

आपल्याकडं ही गोष्ट जास्त झोंबते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला आला. बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस उभा राहिला. कालव्याखाली गेलेल्या वतनाच्या तुकड्यावर मग सगळ्यांचा डोळा. उताऱ्यावर नाव आपलं आणि नांगर दुसऱ्याचा, अशी रानं मी डोळ्यांनी बघितलीत. आणि २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की हा विषय मेलेला नाही.

अमेरिकेतल्या काळ्या भावांचा इतिहास हेच सांगतो. गुलामी १८६५ ला संपली. १८६८ साली दक्षिण कॅरोलायनाच्या खालच्या सभागृहात काळ्या आमदारांचं बहुमत होतं. पण जमीन राहिली मळेवाल्या गोऱ्यांच्याच हातात. १८७७ नंतर दहशतीनं मतंही हिसकावली. पोट ज्याच्या हातात, त्याच्या हातात शेवटी मतही जातं. वतनाचा दोर तोडायला बाबासाहेब दुसऱ्याच वर्षी का उठले, ते यावरनं कळावं.

तेव्हा दोस्तहो, आमदारकीला नुसत्या शिव्या घालू नका आणि तिच्या पाया पण पडू नका. तालुक्याच्या रेकॉर्डातनं आपापल्या गावच्या वतन जमिनीचे १९५९ पासूनचे फेरफार काढा. रक्कम कुणी भरली, परवानगी कुणाला मिळाली, आज कसतंय कोण, ते गावाच्या नावानिशी लिहून काढा. मत मागायला येईल त्याच्यापुढं ती यादी ठेवा. तो सभागृहात बोलला नाही, तर यादी घेऊन कचेरीवर जायला आपले पाय आहेतच.